इइवीला 'डोंगरी शिंजीर' म्हणावं का?

प्रश्न असा होता की हवाई बेटांवरच्या त्या लालभडक, वाकड्या चोचीच्या इइवी पक्ष्याबद्दल मराठीत लिहिताना 'डोंगरी शिंजीर' म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत.

आधी शिंजीर. फोटो बघून कुणालाही शिंजीरच वाटणार, पण शिंजीर आफ्रिका, आशिया ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातले आणि हा निघतो फिंचच्या खानदानातला, म्हणजे जाड चोचीने दाणे फोडणाऱ्यांचा भाऊबंद. याचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी आशियाकडून हवाईत पोचले आणि पुढे एकेकाने वेगळा धंदा धरला, कुणी बिया, कुणी किडे, याने मकरंद. हमिंगबर्ड तर अजिबात म्हणू नका, इइवी बहुतेक वेळा फांदी धरून, कधी उलटा लटकून चोच खुपसतो.

'मधुपक्षी' कुणीतरी सुचवेलच. वर्णन म्हणून ठीक आहे, पण हवाईतल्या ओहिआ झाडाच्या ज्या लाल फुलांवर इइवी जातो, त्याच फुलांवर आपापाने नावाचा दुसरा मकरंदखाऊ येतो आणि इइवी त्याला झाडावरून हुसकावतो, आता दोघंही मधुपक्षी म्हटले तर कोण कुणाच्या मागे लागलंय हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

'डोंगरी' मला जास्त खटकतं. हा पूर्वी खाली किनाऱ्याजवळच्या जंगलातही असायचा. १९व्या शतकात जहाजांमधून डास आले, पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला आणि या बिचाऱ्यात प्रतिकारशक्ती जवळपास नाहीच, प्रयोगात एका बाधित डासाच्या चावण्याने ९० टक्के इइवी मेले. म्हणून आज बहुतेक इइवी साधारण १५०० मीटरच्या वर, थंडीमुळे डास कमी असतात तिथे उरलेत, आणि फुलांच्या शोधात खाली उतरले की परत धोका. २०१७ साली अमेरिकेने त्याला संकटग्रस्त यादीत टाकलं. अशाला 'डोंगरी' म्हणणं म्हणजे घर सोडावं लागलेल्याला हौशी पर्यटक म्हणण्यासारखं आहे.

तेव्हा सरळ 'इइवी' लिहा, पुल्लिंगी, अनेकवचनही इइवीच. कुठे गटाचं नाव हवंच असेल तर 'हवाईयन हनीक्रीपर', नुसतं हनीक्रीपर नको, कारण त्या नावाचे वेगळेच पक्षी दक्षिण अमेरिकेत आहेत. आणि फोटोत पिवळट, काळे ठिपके असलेला दिसला तर दुसरी जात समजू नका, ते इइवीचंच पोर, हवाईत त्याला 'इइवी पोलेना' म्हणतात.