रिपोर्ट चांगला आला, मग रडू का येतं?

(तासगाव तालुक्यातल्या एक ताई लिहितात: नवरा वारला, तेव्हापासून एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, चालू आहे. बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. व्हायरल लोड सापडत नाही, पण दोन महिने झोप नाही, घास उतरत नाही, गोळ्या चुकतात. जाऊबाई म्हणतात, "रिपोर्ट चांगलाय, मग रडतीस कशाला?" कधी वाटतं, सगळं संपवावं. सिव्हिलला मानसोपचाराच्या रांगेत गावातलं कोणी बघितलं तर?)

ताई, आधी त्या संपवण्याच्या विचाराबद्दल. तो आला की एकट्या बसू नका. जाऊबाईंना उठवा, नाहीतर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लावा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

व्हायरल लोडमध्ये रक्तातला विषाणू मोजतात, मनाचं त्यात काही कळत नाही. नैराश्य हा वेगळा आजार आहे, एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त दिसतो आणि त्यावर उपचार आहेत. तुम्ही लिहिलंय, गोळ्यांच्या बाटलीचं लेबल खरवडून ती तांदळाच्या डब्यात ठेवता. वर्षानुवर्षं असं लपवत जगायचं म्हणजे माणूस थकणारच! यात तुमचा कमकुवतपणा कुठेच नाही. पण नैराश्यात गोळ्या चुकतात, त्या चुकत राहिल्या की विषाणू वाढतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं. म्हणून थांबू नका.

गोळ्या आणायला एआरटी सेंटरला जाताच ना? पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात जा. समुपदेशकांना सरळ सांगा, झोप नाही, गोळ्या चुकतात, मरणाचे विचार येतात. मानसोपचाराची चिठ्ठी तेच देतील. त्या रांगेत झोप न येणारे असतात, दारू सोडायला आलेले असतात. कोण कशासाठी आलंय हे बघणाऱ्याला कळत नाही. आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचं एचआयव्हीचं निदान इतरांना सांगायला, काही अपवाद सोडले तर, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, म्हणून मोकळेपणाने बोला. गुप्तता राखणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

हल्ली बहुतेकांच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध असतं. त्याने काहींची झोप उडते, मनही खालावतं. तुमचं तसं आहे का, गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना एआरटीचं पुस्तक दाखवा, कारण काही औषधं एकमेकांबरोबर चालत नाहीत. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा.

जाऊबाईंना सोबत न्या. पत्रावरून मला वाटलं, त्या रागावून नाही, घाबरून बोलतात. डॉक्टर काय सांगतात ते त्यांनाही ऐकू द्या.