काकू, ते डुक्कर नव्हे!

प्रश्न : लेक अ‍ॅरिझोनात असते. अंगणातल्या निवडुंगावर ताव मारणाऱ्या प्राण्यांचा फोटो तिने पाठवला. मी म्हटलं, अगो, ही तर आपली रानडुकरं! ती म्हणते, नाही. खरं कोणाचं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : काकू, खरं लेकीचं. तिकडे त्याला हावेलिना म्हणतात, प्राणी पेकरी. डुकराशी लांबचं नातं, पण कूळ वेगळं.

फोटो मोठा करून सुळे बघा. गेल्या भाद्रपदात आमच्या कुणग्यात भात तुडवणारा डुक्कर मी बॅटरीच्या उजेडात दहा हातांवर पाहिला. त्याचे वरचे सुळेही आकड्यासारखे वर वळलेले. (मग मी आणि बॅटरी, दोघं धूम पळालो.) पेकरीचे वरचे सुळे सरळ खाली येतात, खालच्यांवर घासून धार धरतात. वजनही साधारण २० किलो. आपला नर सहज १०० च्या वर. पेकरीच्या पाठीवर शेपटीजवळ गंधग्रंथी असते. एकमेकांना अंग घासून सगळा कळप एकाच वासाचा होतो.

यांच्यातली चाको पेकरी १९३० मध्ये नुसत्या जुन्या हाडांवरून नोंदली गेली, नामशेष म्हणून. १९७० च्या दशकात ती पॅराग्वेत जिवंत सापडली! तिथल्या गावकऱ्यांना मात्र ती आधीपासून ठाऊक होती.