दर्शनी किंमत आणि वटलेली रक्कम

‘मॅडम, मी सगळे मोजूनमापून खाते, तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही,’ हे वाक्य आहार समुपदेशनाच्या माझ्या खोलीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. स्वरात तक्रारीपेक्षा अपराधीपणाच अधिक असतो, जणू हिशेबात अफरातफर बोलणाऱ्यानेच केली आहे. त्या सर्वांसाठी एका बाईंचा अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, सांगते.

बाई बँकेत अधिकारी, वय चव्वेचाळीस. पहिल्याच भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. रोजचे १४०० उष्मांक, चार महिन्यांची नोंद, एकही दिवस कोरा नाही. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मल्टिग्रेन बिस्किटे, प्रोटीन बार, खोक्यातला फळांचा रस, पीनट बटर लावलेला ब्राउन ब्रेड.

‘यात भाकरी आणि उसळ कुठेच कशी नाही?’ मी विचारले.

‘त्यांचा आकडा कुठून आणू? बारवर तो छापलेला असतो. भाकरी रोज निराळी होते.’

या उत्तरापाशी मी थबकले. आमच्या क्षेत्रात इच्छाशक्तीवर फार भर दिला जातो आणि मी त्या पंथाची नाही. माणूस चुकतो तेव्हा बहुधा त्याच्या हातातले मोजमापच त्याला त्या वाटेने नेत असते, असे माझे मत आहे. येथे तेच घडले होते. मोजता यावे म्हणून बाईंनी हळूहळू पाकिटातलेच अन्न निवडले होते, कारण आकडा पाकिटावर असतो, परातीत नसतो. हे मला पहिल्याच तासात दिसले याचे समाधान वाटले, पण लगेच सांगितले असते तर त्यांनी ते मान्य केले नसते.

पुढच्या भेटीत मी दोन वाट्या ठेवल्या. एकीत तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दुसरीत तितकेच पीनट बटर. छापील हिशेबाने दोन्हींचे उष्मांक जवळपास सारखे. बटर चार चमच्यांत संपले. दाणे मात्र फोलपटे फुंकत, चावत खायला आठ मिनिटे लागली, आणि त्यानंतरही बाई जिभेने दाढेतले तुकडे शोधत होत्या.

‘असे तुकडे पोटातही जातात,’ मी म्हटले. दाण्यातले तेल पेशींच्या भिंतींआड कोंडलेले असते. कितीही चावले तरी सगळ्या भिंती फुटत नाहीत आणि न फुटलेल्या पेशींतले बरेचसे तेल पचनाच्या हाती न लागता बाहेर पडते. यंत्रात वाटताना मात्र त्या भिंती आधीच फोडलेल्या असतात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अख्खे शेंगदाणे खाणाऱ्यांच्या आहारातील सुमारे १८ टक्के मेद मलावाटे बाहेर पडला, तर पीनट बटर खाणाऱ्यांचा सुमारे ७ टक्के. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी बदाम तपासले, तेव्हा २८ ग्रॅममधून हिशेबातल्या सुमारे १७० ऐवजी १२९ उष्मांकच मिळाल्याचे आढळले. लेबलांमागचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी बसवलेल्या सरासरीवर आधारलेला आहे : ग्रॅममागे प्रथिनांचे व कर्बोदकांचे ४ आणि मेदाचे ९ उष्मांक. दाणा अख्खा आहे की वाटलेला, हे तो विचारत नाही.

बाई बराच वेळ वाटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ही नुसती दर्शनी किंमत झाली. वटते किती ते वेगळेच.’

इतक्या वर्षांत मला हे इतके नेमके सांगता आले नव्हते. त्या क्षणी त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी पाहिला. आकडा अंदाजाचा असेल, तर तो जुळत नाही हा त्यांचा गुन्हा उरत नव्हता.

येथे एक सावधगिरी हवी. शोषणातला हा फरक बदाम-शेंगदाण्यांत ठळक दिसतो. प्रत्येक पदार्थात तो इतका असेलच असे नाही आणि अख्खे दाणेही पोतेभर खाण्याची वस्तू नव्हे. त्याहून मोठा फरक आपण किती खातो यात पडतो. अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात तयार झालेले, आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तितके खाण्याची मुभा देऊन, वाढले गेले. समोर ठेवलेल्या ताटांतील उष्मांक, साखर आणि तंतू सारखे राखूनही पहिल्या प्रकारात ते दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होते. म्हणून मी बाईंना फक्त अन्नाचे रूप बदलायला सांगितले : रसाऐवजी संत्रे, बिस्किटाऐवजी फुटाणे, ब्रेडच्या जागी भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ. नोंद ठेवायचीच असेल तर खायला किती वेळ लागला एवढीच. ज्यांना दात नाहीत किंवा ज्यांचे वजन नको असताना घटते आहे, त्यांना मात्र मी उलटा सल्ला देते. त्यांच्यासाठी कूट आणि पेजच बरी.

साडेतीन महिन्यांत बाईंचे वजन तीन किलोंनी उतरले. त्याचे श्रेय मी न पचलेल्या तेलाला देत नाही, त्यांचे एकूण खाणेच कमी झाले होते. शेवटच्या भेटीत त्यांनी वही आणली, तिच्यात एकही उष्मांक नव्हता. एकादशीच्या खिचडीसाठी आता दाणे जाडसर कुटता का, असे मी सहज विचारले.

‘छे,’ त्या म्हणाल्या, ‘सासूबाईंच्या कवळीत अडकतात.’