मुलांसाठी पहिली इतिहासफेरी: सुरुवात लहान ठेवा

ताई, नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीतल्या मुलांसाठी काही करावं असं तुम्हाला वाटतंय, हेच मोठं काम आहे. करून टाका! फक्त पहिल्याच रविवारी पंचवटी, सरकारवाडा, काळाराम सगळं उरकायला जाऊ नका. नवखे आयोजक हमखास इथेच फसतात. मुलं दमतात आणि लक्षात काहीच राहत नाही.

पांडवलेणी तुमच्या उशाशी आहेत. सकाळी सातला निघा, उन्हं चढायच्या आत परत या. चोवीस लेणी आहेत, पण तुम्ही तिसरंच नीट दाखवा. ओसरीखाली जमिनीतून अर्धे वर आलेले यक्ष सगळा भार खांद्यावर पेलताहेत. किती आहेत ते मुलांनाच मोजू द्या (सहा आहेत, पण आधी सांगू नका). मग ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख दाखवा: आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम आईने दगडात कोरून ठेवलाय. आठ वर्षांच्या पोरालाही हे भिडतं.

बाकी एवढंच सांभाळा:
- भाषण पाच मिनिटांच्या वर नको.
- लेणी पांडवांनी कोरली असं ठोकून देऊ नका, ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत.
- दर सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. पायऱ्यांवर पोरं धावतात.
- कोरीव कामाला हात लावायचा नाही, हे खालीच सांगा.

लेखांची ब्राह्मी लिपी, क्षहरात (नहपानाचं शक घराणं) आणि सातवाहनांच्या लढाया हे सगळं नंतर. पुढच्या वेळी नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून (टपाल तिकिटं छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस) निवृत्त झालेले एखादे आजोबा गाठा. १९२५ पासूनचा तो छापखाना, मुलांचे प्रश्न संपणार नाहीत.