वाचकांचे प्रश्न: ब्राह्मी नक्की कुठली?

प्रश्न (गुहागर): ताई, आमच्या आगरात पाटाच्या कडेला गोल गोल पानं पसरतात ना, ती सासूबाई ब्राह्मी म्हणून चटणीत घालतात. परवा लेकीने परीक्षेसाठी ऑनलाइन ब्राह्मी पावडर मागवली तर पाकिटावर भलतंच पान, बारीक आणि जाडसर. घरात दोन पार्ट्या झाल्यात. खरी कुठली?

उत्तर: अहो, दोन्ही खऱ्या, फक्त झाडं दोन आहेत! तुमच्या पाटाकडेची ती मंडूकपर्णी, आपल्याकडे तिला कारिवणा पण म्हणतात. पाकिटावरची ती बॅकोपा, म्हणजे जलब्राह्मी. नाव एक पडलं, झाडं एकमेकांची लांबची नातलग पण नाहीत. उद्या सकाळी स्वतः जाऊन बघा. कारिवण्याच्या प्रत्येक देठाला एकच पान, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दाते, जमिनीलगत दोऱ्यासारखी वेल धावते आणि सांध्या-सांध्यावर मुळं धरते, पान चुरगळलं तर हलका कोथिंबीर-गाजराचा वास येतो, कारण कुळच ते आहे. जलब्राह्मीची पानं जोडीजोडीने समोरासमोर, बोटाला मांसल लागतात, फूल पांढरं-निळसर, आणि एक पान चावलं की इतकं कडू की चटणीत कोणी घालणारच नाही. ती मळ्यात, खाडीकाठच्या ओल्या जागेत सापडते.

सासूबाईंना सांगा की त्यांच्या बाजूला चरकसंहिता आहे, तिथे बुद्धीसाठीची मेध्य रसायनं म्हणून चार नावं येतात, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. आणि हे पान फक्त आपलं नाही, मला ह्याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. श्रीलंकेत त्याला गोटुकोला म्हणतात, बारीक चिरून ओलं खोबरं, कांदा, लिंबू घालून सांबोल करतात, म्हणजे आपल्या चटणीची सख्खी बहीणच की! व्हिएतनाममध्ये त्याचा गार रस रस्त्यावर विकतात. चिनी वैद्यकात कावीळ आणि सुजेसाठी देतात. मादागास्करहून ही पानं फ्रान्सला जाऊन जखम भरायच्या मलमात गेली, त्यातलं एशियाटिकोसाइड नावाचं द्रव्य त्वचा भरून यायला मदत करतं. आणि तुमची लेक कोरियन सिका क्रीम लावत असेल तर तिला दाखवा, ते सिका म्हणजे तुमच्या पाटाकडेचंच पान. एका वैद्यकाने डोक्यासाठी उचललं, एकाने कावीळीसाठी, एकाने कातडीसाठी.

पावडरचं म्हणाल तर स्मरणशक्तीवर बॅकोपाचे जे अभ्यास झालेत त्यात मोठ्या माणसांनी बहुतेक वेळा १२ आठवडे रोज घेतली होती, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही होणार नाही, उलट पोट बिघडेल. चटणी खुशाल खा, पण पान गटाराच्या कडेचं नको, घाण पाणी ते झाड छान पिऊन ठेवतं. आणि ह्याच मंडूकपर्णीच्या गोळ्या आठवडेन्‌आठवडे घेऊन लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. पानाची चटणी वेगळी, गोळी वेगळी.

प्रश्न (मालवण): कोविडपासून रोज गुळवेलीचा काढा घेतो. शुगरची गोळी चालू आहे. बंद करू का?

उत्तर: काका, आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा की काढा घेताय, कारण गुळवेल स्वतःच साखर उतरवते आणि वर गोळी, मग दुपारी घाम फुटून हातपाय कापायला लागतात ते उगीच नाही. दुसरं, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. वाद राहू द्या, तुमची वेल ओळखा. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते आणि आत हिरवी निघते, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात, पानं गुळगुळीत. खोडावर चामखिळीसारखे गाठाळ फोड असतील किंवा पान खालून मखमली लागलं, तर ती नाही. चार-पाच वर्षं रोज, न थांबता काढा मी तरी कोणाला सांगणार नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की त्याच दिवशी बंद करून तपासणी.

प्रश्न (संगमेश्वर): ताई, मी बारावीला आहे. आमच्या सड्याजवळच्या रानात एक माणूस नरक्याची झाडं तोडून नेतो, म्हणतो कॅन्सरचं औषध आहे, मुळासकट हवं. घरी आजोबा विकायला तयार आहेत. खरं आहे का?

उत्तर: औषधाचं खरं आहे, आणि म्हणूनच जीव तुटतो. नरक्याच्या फुलांना घाण वास येतो, गुरंही तोंड लावत नाहीत, पण लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी आपल्या नंदुरबारचे बरं का! १९७२ मध्ये तेच द्रव्य भारतातल्या नरक्यात सापडलं. त्यापासून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान आज बीजाशय, फुप्फुस, आतड्याच्या कॅन्सरला देतात.

पण नीट लक्ष दे, हा गावठी उपाय नाही. मूळ द्रव्य १९७० च्या सुमारास पेशंटना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जायला लागलं आणि ट्रायल थांबवावी लागली, मग त्यात बदल करून औषध झालं. कोणी साल उकळून प्यायचं म्हटलं तर हात धरून थांबव. आणि मुळासकट उपटलं की ते झाड संपलं, परत फुटवा नाही. सह्याद्रीतले नरक्याचे कितीतरी पट्टे असेच मोकळे झालेत.

आजोबांशी भांडू नकोस, पैशाची गरज असेल त्यांना. आधी तलाठ्याकडे बघ जागा कोणाची आहे, वनखात्याची असेल तर तोडणाराच गुन्ह्यात अडकेल. मग ग्रामपंचायतीत जाऊन विचार, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्यात तुमचा नरक्या आहे का बघ, नसेल तर तूच लिहून दे, किती झाडं, कुठे, फुलं कधी येतात. पिकलेली फळं मिळाली तर चार बिया परड्यात लावून ठेव आणि रोपं आली तर मला कळव.