डिस्क्रीट मॅथ्स पुस्तकातून स्वतःचं स्वतः शिकता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "डिप्लोमा करून पुण्यात डायरेक्ट सेकंड इयर कॉम्प्युटरला आलोय. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (लॉजिक, मोजणी, ग्राफ वगैरेंचं गणित) झेपत नाही. सिलॅबसमध्ये संदर्भ म्हणून दिलेलं जाड पुस्तक घेतलं, पण वीस पानं वाचली की पहिली दहा विसरलेली असतात. लोकल ऑथर (परीक्षेपुरतं स्थानिक लेखकाचं पुस्तक) घेऊन पास व्हावं की पुस्तकच धरून ठेवावं?"

पास व्हायला लोकल ऑथर पुरतो. मी तसाच झालो. दर युनिटची पाच-सहा टाइपची गणितं, त्यांच्या स्टेप्स पाठ, पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या सुट्टीत) दोन रात्री जागून विषय सुटला, आणि परीक्षेनंतर आठवड्यात डोक्यातूनही सुटला. मग फायनल इयरला एका इंटरव्ह्यूत मी फळ्यावर एक रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिहिलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कायम बरोबरच उत्तर देईल, हे कशावरून?" मी म्हटलं, "मॅडम, चार-पाच इनपुट देऊन बघितले." त्या हसल्यासुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. तिथे इंडक्शन (मागच्या संख्येसाठी खरं तर पुढच्यासाठीही खरं, असं दाखवत जाणारी सिद्धता) हवं होतं, आणि मला इंडक्शनच्या फक्त स्टेप्स येत होत्या.

त्याच आठवड्यात पुण्यातल्या पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकातून ते जाड पुस्तक सेकंडहँड आणलं. आधीच्या मालकाने पेन्सिलीने सुरेख खुणा केल्या होत्या, पान ३८ पर्यंत. पुढे पुस्तक कोरं करकरीत. ३८ ला पोचल्यावर कारण कळलं. तिथे एकात एक क्वांटिफायर सुरू होतात: उलटा ए ('प्रत्येक'), मग उलटा ई ('निदान एक'), मग पुन्हा उलटा ए. मीही तिथे दोनदा पुस्तक मिटलं.

चूक तुमची आहे तीच माझी होती. मी ते पुस्तक वाचत होतो. एका बैठकीत वीस पानं ही कादंबरीची चाल झाली. इथे दोन पानं झाली तरी दिवस कारणी लागला म्हणायचं. माझी गाडी पुढे सरकली ती एका सवयीने. व्याख्या आली की पुस्तक पालथं घालायचं, आणि तिच्यात बसणारी दोन उदाहरणं आणि न बसणारं एक, आपल्या गल्लीतलं, मराठीत, वहीत लिहायचं. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, ते लेखकाने आधीच चावून ठेवलेलं असतं.

लॉजिकच्या प्रकरणाला तर पुण्यात उदाहरणं शोधावी लागतच नाहीत. "गेटसमोर गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल." ही पाटी म्हणजे शुद्ध इम्प्लिकेशन, 'जर-तर'चं विधान. आता समजा, तुम्ही गाडी चार घरं पुढे लावली आणि तरी परत येऊन बघता तर हवा गायब. पाटी खोटी ठरली का? नाही. गेटसमोर न लावणाऱ्यांबद्दल तिने काही शब्द दिलेलाच नव्हता. पाटी खोटी पडते ती एकाच प्रसंगी: गाडी गेटसमोर लावली आणि हवा शाबूत राहिली. ट्रुथ टेबलमधल्या (खऱ्या-खोट्याच्या तक्त्यातल्या) ज्या दोन ओळी सगळ्यांना खटकतात (पहिलं खोटं असताना पूर्ण विधान खरं कसं?) त्या मला या पाटीने कायमच्या पटवल्या. काँट्रापॉझिटिव्हही (तेच विधान उलट्या बाजूने) तिथेच आहे: हवा शाबूत आहे, म्हणजे गाडी गेटसमोर नव्हती.

तसंच 'किंवा'चं. इंग्रजीतल्या 'ऑर' या एकाच शब्दावर पुस्तक दोन पानं घालवतं, कारण त्यांच्याकडे दोन्हींतलं एकच आणि निदान एक यांना शब्द तोच. आपल्याकडे "चहा घेणार की कॉफी?" विचारलं तर दोन्ही मागता येत नाहीत, आणि "पॅन किंवा आधार आणा" म्हटल्यावर दोन्ही आणले तर कोणी परत पाठवत नाही. 'की' म्हणजे साधारण एक्सॉर (दोन्हींतलं एकच), 'किंवा' म्हणजे ऑर (निदान एक). तुमच्या प्रश्नातही 'की' आहे बघा. तिथे मला 'किंवा' हवा होता, त्यावर पुढे येतो.

मराठी दरवेळी मदतच करते असं मात्र नाही. "सगळे आले नाहीत" म्हणजे काही आले, की कोणीच आलं नाही? बोलताना सुरावरून कळतं, कागदावर सूर नसतो. म्हणून निगेशन (नकार) लिहिताना वाक्य मोडून लिहा: "निदान एक जण असा आहे, जो आला नाही." आणि पान ३८ ची अडचण एवढीच होती: "प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आहे" आणि "एक माणूस असा आहे, जो प्रत्येक मंडळाचा अध्यक्ष आहे". उलटा ए आणि उलटा ई यांची जागा बदलली की शहरभर एकच अध्यक्ष होतो.

आता इंडक्शन. एक कबुली देतो: "के साठी खरं आहे असं धरू" ही ओळ मला फार काळ लबाडी वाटायची. जे सिद्ध करायचं तेच धरून चालायचं? गाठ सुटली ती सहलीच्या हिशोबाने. खडकवासल्याला जायचंय, रिक्षात तिघं, जीपमध्ये पाच, आणि एकही जागा रिकामी ठेवायची नाही. सात जण असतील तर जमत नाही, करून बघा. आठपासून पुढे मात्र कितीही जण असोत, जमतंच. आठ म्हणजे एक रिक्षा एक जीप, नऊ म्हणजे तीन रिक्षा, दहा म्हणजे दोन जीप. अकरा जण आले तर? आठांची सोय लागलेलीच आहे, तिला एक रिक्षा जोडा. बारांसाठी नवांची सोय, तेरांसाठी दहांची. 'धरू'चा अर्थ इतकाच की मागच्यांची सोय लागली आहे. सुरुवातीला तीन केसेस तपासल्या, कारण दरवेळी आपण तीन पावलं मागे बघतोय. नुसती आठची दाखवली असती तर अकरा, चौदा, सतरा गाडीत बसले असते आणि नऊ जण रस्त्यावर. रिकर्सिव्ह फंक्शनच्या बेस केसेस चुकतात त्या नेमक्या इथे. इंटरव्ह्यूतल्या बाईंना हवं होतं ते उत्तर मला असं सहा महिन्यांनी आलं.

काउंटिंगसाठी एक प्रश्न पुस्तकाबाहेरचा देतो. लीलावतीत (साल ११५०) अंकपाशाच्या (मांडण्या मोजण्याच्या) भागात भास्कराचार्य विचारतात: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत, ती हातांत अदलून बदलून दिली तर किती मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख असतील तर किती? विष्णूच्या २४ मांडण्या हाताने लिहून काढा, खरंच लिहा. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं येतात ती मूर्तिशास्त्रात याच चोवीस मांडण्यांची आहेत. शंकराच्या लिहायला बसू नका, त्या ३६,२८,८०० आहेत. गुणाकाराचा नियम कशासाठी लागतो, हे या दोन आकड्यांमध्ये आहे.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित. त्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी कोनिग्सबर्गच्या सात पुलांनी होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरणं तिथे शक्य नाही, हे ऑयलरने १७३६ च्या सुमाराला दाखवलं. सगळे हे वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. मी वहीत पुणं काढलं. मुठेच्या एका काठाला पेठा, दुसऱ्या काठाला डेक्कन: दोन व्हर्टेक्स (बिंदू). लकडी पूल, झेड ब्रिज, शिवाजी पूल, म्हात्रे पूल वगैरे सगळे एज (रेषा). जितके पूल, तितकी दोन्ही काठांची डिग्री (बिंदूला येऊन मिळणाऱ्या रेषांची संख्या). पूल सम असतील तर सगळे एकेकदा ओलांडून तुम्ही घरी परत. विषम असतील तर सगळे ओलांडून होतात, पण तुम्ही पलीकडच्या काठावर उरता आणि घरी यायला रिक्षा करावी लागते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. एक एज गेली, दोन्ही डिग्री एकाने उतरल्या, सम-विषम पालटलं.

मग मुळाही धरली. संगमावर दोन्ही नद्या एक होतात, म्हणजे शहराचे तुकडे तीन: पेठा-स्वारगेट-कॅम्प, डेक्कन-शिवाजीनगर-औंध, आणि खडकी-येरवडा. पूल मोजायला नकाशा उघडला आणि मध्येच थांबलो. मोजायची गरजच नव्हती. प्रत्येक एजला दोन टोकं असल्यामुळे कुठल्याही ग्राफमध्ये विषम डिग्रीचे व्हर्टेक्स सम संख्येनेच असतात. तिघांत ते एकतर शून्य, नाहीतर दोन. आणि ऑयलरचा नियम असा की विषम दोनपर्यंत असले तर वाट निघतेच. उद्या महापालिकेने आणखी दहा पूल बांधले किंवा चार पाडले, तरी तुकडे एकमेकांना जोडलेले असेपर्यंत अशी वाट असणार. कोनिग्सबर्गचं घोडं अडलं, कारण तिथे तुकडे चार होते आणि चारही विषम. विषम डिग्रींची ही गोष्ट ज्यातून निघते तो 'हँडशेकिंग लेमा' तोवर माझ्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न होता. (पवना धरली तर इथेही चौथा तुकडा येतो. मग मात्र पूल मोजावेच लागतात. तो रविवार तुमचा.)

रिलेशन्सचं प्रकरण कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. इक्विव्हॅलन्स आणि पार्शल ऑर्डर नीट करा, बाकी रेटा. शेवटचं युनिट, ग्रुप-रिंग वगैरे, परीक्षेपुरतं लोकल ऑथरमधून केलंत तरी पाप लागणार नाही. मघाचा 'किंवा' तो हाच: सेमिस्टरभर रोज तासभर जाड पुस्तक, आणि पीएलमध्ये पेपरचा साचा बघायला लोकल ऑथर.

त्या तासातली पंधरा-वीस मिनिटं वाचायला, उरलेली एक्सरसाइजना. सुरुवातीचे सोपे चार सोडवून पुढे पळू नका, 'सिद्ध करा'वाले शेवटी असतात आणि माल तिथेच असतो. अडलं तर अर्धा तास अडून बसा, एन च्या जागी १, २, ३ घालून बघा. उत्तर मागे असलंच तर त्याची पहिली ओळ फक्त वाचा आणि पान हाताने झाका. व्हिडिओ बघायचाच तर सोडवून झाल्यावर. सोडवायच्या आधी बघितला की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर हात हलत नाही, हे मी पुष्कळदा करून बसलोय.

पुस्तक नवं घेऊ नका. विषय जुना आहे, दोन आवृत्त्या मागचं असलं तरी काही अडत नाही, फक्त एक्सरसाइजचे नंबर मित्राच्या पुस्तकाशी जुळणार नाहीत. सेकंडहँड घेताना शेवटची पानं आहेत ना, ते दुकानातच बघा. उत्तरांची पानं फाडून नेलेली प्रत मी एकदा घरी आणली आहे.