वाचकांचे प्रश्न : एच-इंडेक्स मोठा म्हणजे मार्गदर्शक मोठा का?

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत असून तिला पुढे खगोलभौतिकीत पीएचडी करायची आहे. मार्गदर्शक म्हणून तिच्यासमोर दोन नावे आहेत. एकांचा एच-इंडेक्स ७० च्या वर आहे, तर दुसऱ्यांचा जेमतेम २२. घरात सगळ्यांचा कौल पहिल्या नावाला आहे, मुलगी मात्र दुसऱ्या नावावर ठाम आहे. हा आकडा नेमके काय सांगतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हा आकडा सुचवला. समजा, एखाद्या संशोधकाच्या सहा शोधनिबंधांचा इतरांनी अनुक्रमे ९०, ४०, १२, ५, ४ आणि १ वेळा संदर्भ दिला आहे. यांतील निदान चार निबंधांना किमान चार संदर्भ आहेत, पण पाच निबंधांना किमान पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या निबंधाचे ९० संदर्भ उद्या ९,००० झाले, तरी आकडा ४ वरच राहील. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे साठीच्या प्राध्यापकांची आणि चाळिशीच्या प्राध्यापकांची त्यावरून तुलना करणे मुळातच अन्यायाचे आहे.

खगोलभौतिकीत याहून मोठी अडचण आहे ती सहलेखकांची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची, पहिली थेट नोंद झाली. तिच्यावरील निबंध फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर हजाराहून अधिक नावे होती आणि तीही वर्णानुक्रमे. त्या निबंधाचा प्रत्येक संदर्भ त्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतो. इतक्या माणसांच्या अनेक वर्षांच्या कष्टांशिवाय या लहरी टिपणारे उपकरण चाललेच नसते, त्यामुळे ही नावे तेथे असणे योग्यच आहे. मात्र अशा दहा-वीस निबंधांवर उभ्या असलेल्या आकड्यावरून एका माणसाचे काम ओळखता येत नाही.

म्हणून नावांचा क्रम पाहायला शिकावे, असे मला मनापासून वाटते. तुमच्या सांगलीजवळच्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचेच उदाहरण घ्या. खगोलशास्त्राचा २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. सेकंदाला ६४२ वेळा फिरणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारचा (लयीत रेडिओ-स्पंद पाठवणाऱ्या, अतिवेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याचा) शोध १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते बर्कलीला पीएचडीचे विद्यार्थी होते आणि त्यांचे नाव दुसरे होते. पुढे १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याभोवती फिरणारा तपकिरी खुजा तारा (ग्रहाहून जड, पण ताऱ्यासारखा पेटू न शकलेला गोल) सापडला. त्याच्या वर्णपटावरील ‘सायन्स’मधील निबंधात पहिले नाव आहे बेन ओपनहायमर या विद्यार्थ्याचे, आणि कुलकर्णींचे पुन्हा दुसरे. या विषयात साधारण रीत अशीच आहे की ज्याने निबंधाचे मुख्य काम केले, त्याचे नाव आधी यावे. त्यामुळे केवळ प्रथमलेखकाचे निबंध मोजले, तर चांगल्या मार्गदर्शकाचे श्रेयच हरवते. आणि सगळेच निबंध सरसकट मोजले, तर हजारातला एक आणि दोघांतला एक सारखेच दिसतात.

संदर्भ जमायला लागणारा काळही ध्यानात घ्यावा. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी कृष्णविवराला धक्का बसल्यावर ते कसे ‘निनादत’ शांत होते, याचे गणित १९७० मध्ये मांडले. गुरुत्वीय लहरींवरील २०१६ च्या त्या निबंधाच्या संदर्भसूचीत त्यांचा निबंध आहे; मध्ये ४६ वर्षे गेली.

आता प्रत्यक्ष काय करावे? ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम, म्हणजेच ‘एडीएस’, ही नासाच्या निधीवर चालणारी सूची सर्वांना मोफत खुली आहे. आडनाव आणि आद्याक्षर एवढेच टाकले, तर ‘कुलकर्णी, एस.’ या नावाने भलत्याच माणसांचे निबंध एकत्र येतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्री-संशोधकाची यादी दोन ठिकाणी विभागली जाते. म्हणून शक्यतो ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून शोधावे. तेथील ‘मेट्रिक्स’मध्ये एच-इंडेक्सच्या जोडीला लेखकसंख्येने भागलेले संदर्भ आणि स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वेगळे दाखवतात. २२ आणि ७० मधले अंतर तेथे पुष्कळदा कमी होते.

मुलीने दोघांचे गेल्या दहा वर्षांतले निबंध काढावेत, आठ-दहा लेखकांपर्यंतचेच ठेवावेत आणि त्यांत पहिले नाव त्यांच्या विद्यार्थ्याचे किती वेळा आहे, ते पेन्सिलीने खूण करत मोजावे. ज्या विद्यार्थ्यांची नावे पहिली आली आहेत, त्यांतल्या दोघांशी प्रत्येकी अर्धा तास बोलावे आणि पहिला निबंध कोणत्या वर्षी लिहिला, मसुदा मार्गदर्शकांकडून किती दिवसांत परत येत असे, हे विचारावे. तिचा कल दुसऱ्या नावाकडे का आहे, तेही घरच्यांनी तिला एकदा नीट विचारावे. कदाचित हे निबंध तिने आधीच वाचलेले असतील.